आडनाव काय तुमचं?

तुमच्या हातात प्रश्नावली आहे. पाठीवर सॅक, सॅकमध्ये पाण्याची बाटली आणि गाइडच्या सहीचं पत्र. फाट्यावर एसटीतून उतरून गावाकडे चालत येताना पहिलं वाक्य तुम्ही दहा वेळा घोकलंय. ‘नमस्कार, मी विद्यापीठातून आलेय, आमचा एक अभ्यास चालू आहे.’ पारावरचे आजोबा ते वाक्य पूर्णच होऊ देत नाहीत. शांतपणे विचारतात, ‘आडनाव काय तुमचं?’

रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरमध्ये या प्रश्नाला मार्क नाहीत. सॅम्पलिंग पाठ असतं, मुलाखतीचे प्रकार पाठ असतात. पण तुमचं आडनाव ऐकून समोरचा माणूस पुढचा तासभर काय बोलणार आणि काय गिळून टाकणार हे ठरवून मोकळा झालेला असतो, हे कुठल्या युनिटमध्ये येतं? मराठवाड्यात तर सध्या हा प्रश्न आणखीच टोकदार झालाय. मस्साजोगच्या सरपंचांच्या हत्येनंतर बीड जिल्ह्यात जातीवरून इतका ताण होता, की २०२५ मध्ये तिथल्या पोलिसांनी स्वतःच्या नावाच्या पट्टीवरून आडनावच काढून टाकलं. नुसतं पहिलं नाव. खाकी वर्दीतल्या माणसाला आडनाव जड होत असेल, तर कुर्ता-जीन्समधल्या तुमचं-माझं काय घेऊन बसलात!

आपल्या शहरात तर त्याच्याही आधी परीक्षा सुरू होते. ‘तुम्ही संभाजीनगरमध्ये किती वर्षं राहता?’ असं विचारायचं की ‘औरंगाबादमध्ये’? दोन्हींपैकी काहीही म्हणा, समोरचा तुम्हाला एका बाजूला बसवून टाकतो. मार्च २०२३ मध्ये रामनवमीच्या आदल्या रात्री किराडपुऱ्यात दंगल झाली. त्याआधी मे २०१८ मध्ये राजाबाजार, नवाबपुरा भागात झाली होती. या भागांत सर्व्हेला गेलेल्या एका सीनियरने मला त्याची युक्ती सांगितली. तो म्हणायचा, ‘या शहरात’. बस, एवढंच. ‘या शहरात किती वर्षं झाली, चाचा?’ ‘या शहरात कधी आलात, काका?’ तीन आठवडे त्याने शहराचं नाव तोंडातून काढलं नाही.

बोलेरोतून गेले आणि फसले

आता माझी गोष्ट. आमच्या मास कम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला डेझर्टेशन असतं. मी विषय घेतला नामांतराच्या आठवणींचा. दर १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर लोटणारी गर्दी तुम्ही पाहिलीच असेल. निळे झेंडे, पुस्तकांचे स्टॉल, लांबलांबून आलेली माणसं, गेटला हात लावून नमस्कार करणाऱ्या म्हाताऱ्या बाया. आपल्यातले बरेच जण त्या दिवशी ट्रॅफिकला वैतागतात. मीही वैतागायचे.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. अभ्यासकांच्या लिखाणात साधारण १,२०० गावांना झळ बसल्याचा आकडा येतो. प्रत्यक्ष नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला, म्हणजे साडेपंधरा वर्षांनी. त्या काळात तरुण असलेले लोक आज सत्तरीच्या पुढे आहेत. आत्ता विचारलं नाही तर कधी विचारणार, असं मला वाटलं. वाटणं बरोबर होतं. जाण्याची पद्धत साफ चुकीची होती.

समाजशास्त्रात एम.ए. करणारी एक मैत्रीण सोबत होती. तिच्या मामांची सरपंचांशी ओळख. सरपंचांनी स्टँडवर बोलेरो पाठवली, घरी चहा-पोहे झाले, आणि ‘पोरींना वस्ती दाखवून आण रे’ म्हणून एक पोरगा सोबत दिला. आम्ही खूश. गाडी वस्तीच्या तोंडाशी थांबली. माझं आडनाव गावातल्या मोठ्या घरांशी जुळणारं आहे, ते सरपंचांनीच कौतुकाने सगळ्यांना सांगितलं, ‘आपल्यातलीच हाय.’

त्या दिवशी आम्ही नऊ जणांशी बोललो. नऊच्या नऊ जणांनी सांगितलं, इथं काही झालं नाही. सगळे गुण्यागोविंदानं राहतात. एक आजोबा तर म्हणाले, ‘ते तिकडं, दुसऱ्या गावात झालं.’ त्या दुसऱ्या गावातही नंतर जाऊन आले. तिथले लोक म्हणाले, ते इकडं झालं नाही, तिकडं झालं.

परतीच्या एसटीत आम्ही दोघी हसत होतो. म्हणजे काय करावं हे न कळल्यामुळे हसत होतो.

गावांची नावं मी लिहिणार नाही. जिल्हाही नाही. काही तपशील मुद्दाम बदललेत. का, ते पुढे येईलच.

महिनाभराने मी एकटी गेले. या वेळी लाल परीने. फाट्यावरून चालत, सरपंचांच्या घरावरून न जाता. वस्तीतल्या एका मुलीशी कॉलेजमधून ओळख निघाली, तिच्या आजीकडे गेले. आजी तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मीही बसले. दोन-तीन तास शेंगा सोलल्या आणि परत आले. एकही प्रश्न विचारला नाही. दुसऱ्या खेपेला त्यांनीच विचारलं, ‘तू काय कामाला येतीस माय?’ मी सांगितलं. आडनावही मीच आधी सांगून टाकलं. त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘मला ठावं हाय. गाडीतून आल्ती ना तू.’

तिसऱ्या खेपेला त्या बोलल्या.

एक्केचाळीस मिनिटं

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगते. एल सॅल्वाडोर नावाच्या मध्य अमेरिकेतल्या छोट्या देशात ऐंशीच्या दशकात यादवी युद्ध झालं. तिथे काम केलेल्या एलिझाबेथ वुड या राज्यशास्त्राच्या अभ्यासक आहेत. त्यांनी शेतकऱ्यांना नुसतं ‘काय झालं ते सांगा’ असं विचारलं नाही. कागद आणि मार्कर दिले आणि नकाशे काढायला लावले: युद्धाआधी कुणाची जमीन कुठे होती, युद्धानंतर कोण कुठे कसतं. माणूस बोलायला घाबरतो, पण बांध कुठे होता हे दाखवायला घाबरतोच असं नाही. त्यांचा २००६ मधला लेख संघर्षग्रस्त भागातल्या फील्डवर्कच्या नैतिक अडचणींवरच आहे. ‘आधी कुणाचं नुकसान करू नका’ हे तत्त्व तिथे प्रत्यक्षात कसं पाळायचं, याची चर्चा त्यात सापडते.

मी तेच केलं. आजींना म्हटलं, तेव्हा वस्तीत कोणतं घर कुठे होतं ते दाखवा. त्यांनी काटकी घेतली आणि अंगणातल्या मातीत घरं काढायला सुरुवात केली. हे आमचं. ही विहीर, हितून पाणी घेऊ देत नव्हते. ही वाट, हिच्यावरून आले. रात्रभर त्या उसात बसून होत्या, कडेवर सहा महिन्यांचं पोर. पोर रडू नये म्हणून तोंडावर पदर धरलेला. सकाळी परत आल्या तेव्हा तांब्याची हंडी तेवढी ओळखू आली, बाकी सगळं काळं. हंडीबद्दल त्या बराच वेळ बोलल्या. माहेराहून आणलेली होती.

आणि मग, मी विचारलेलं नसताना, त्यांनी तीन नावं घेतली. आले त्यांची. तिघांपैकी एकाचं घर मी पहिल्या दिवशी पाहिलं होतं. तिथेच पोहे खाल्ले होते.

लगेच त्यांनी माझा हात धरला. ‘हे लिहू नको बरं का माय. नातू त्यांच्याच ट्रॅक्टरवर हाय.’

मी म्हटलं, नाही लिहिणार. फोन माझ्या मांडीवर होता. रेकॉर्डर चालू होता. त्यांना विचारूनच चालू केला होता, सुरुवातीला. पण त्याला आता अर्धा तास होऊन गेला होता. आपण रेकॉर्ड होतोय हे त्या विसरल्या होत्या, हे मला दिसत होतं आणि मी बंद केला नाही. फाइल झाली ४१ मिनिटांची.

मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. एसटीत बसल्यावर मला आनंद झाला होता. मिळालं! असा. पत्रकारितेच्या पोरांना तो आनंद माहीत असतो.

रात्री हॉस्टेलवर मैत्रिणीने विचारलं, ‘फाइल कुठे कुठे आहे?’ आणि माझ्या लक्षात आलं. फोनमध्ये होती. फोन वायफायला लागताच आपोआप क्लाउडवर गेली होती. ट्रान्स्क्रिप्शनला मदत म्हणून मी तिला व्हॉट्सॲपवर पाठवली होती, म्हणजे तिच्या फोनमध्ये. लॅपटॉपवर टाकली होती. आजींनी एका मुलीच्या कानात सांगितलेली तीन नावं सहा तासांत चार ठिकाणी पोचली होती. त्यांना कन्सेंट विचारताना मी म्हटलं होतं, ‘हे फक्त माझ्याकडे राहील.’

तुम्हाला वाटेल, एका डेझर्टेशनची फाइल, कोण मागायला येतंय? अमेरिकेतल्या बोस्टन कॉलेजलाही तसंच वाटलं असावं. त्यांनी २००१ पासून काही वर्षं उत्तर आयर्लंडमधल्या माजी सशस्त्र कार्यकर्त्यांच्या मुलाखती रेकॉर्ड केल्या. शब्द दिला होता, की तुम्ही जिवंत असेपर्यंत टेप कुणाला मिळणार नाहीत. २०११ मध्ये ब्रिटिश पोलिसांच्या मागणीवरून अमेरिकी कोर्टामार्फत त्या टेप मागवल्या गेल्या आणि काही द्याव्या लागल्या. १९७२ मधल्या एका खुनाच्या त्याच तपासात २०१४ मध्ये जेरी ॲडम्स या बड्या नेत्याला अटक होऊन चार दिवस चौकशी झाली. ज्यांनी मुलाखती घेतल्या ते संशोधक तोंड दाखवायला जागा उरली नाही अशा अवस्थेत. एवढ्या मोठ्या विद्यापीठाचा शब्द कोर्टात टिकला नाही, तर माझा?

आपल्याकडे वकील आणि अशील, नवरा आणि बायको यांच्यातल्या बोलण्याला पुराव्याच्या कायद्यात संरक्षण आहे. पत्रकारांसाठी १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्यात एक छोटी तरतूद आहे, की कौन्सिलपुढे सोर्सचं नाव सांगायची सक्ती नाही. तीही फक्त कौन्सिलपुढे. आणि संशोधकाने कुणाला शब्द दिला असेल तर? त्या यादीत तो कुठेच नाही. त्यामुळे कन्सेंट फॉर्मवर ‘माहिती पूर्णपणे गोपनीय राहील’ असं छापताना दोनदा विचार करा. तो कागद कायद्यापुढे तुमच्या आजींना वाचवत नाही. उलट त्याच्यावर त्यांची सही किंवा अंगठा असतो! ज्या घरात अंगठ्यावर जमिनी गेल्या, तिथे तुम्ही अंगठा मागताय हे वेगळंच. मी फॉर्म परत सॅकमध्ये ठेवला होता आणि तोंडी विचारलं होतं. तेवढं एक बरोबर केलं.

नावं कापायची का?

माझ्या गाइडचं म्हणणं होतं, तुझा प्रश्न आठवणींचा आहे, आरोपींचा नाही. नावांची गरज काय? एका दुसऱ्या सरांचं म्हणणं अगदी उलट. ते म्हणाले, नावं गाळून गाळूनच इथला इतिहास गुळगुळीत झालाय. सगळीकडे ‘जमावाने’ केलं, जमावाला नाव नसतं.

त्यांचं म्हणणं मला खोडता येत नाही, अजूनही. मराठवाड्याचंच जुनं उदाहरण घ्या. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली, आपण निजामाच्या राजवटीतून सुटलो, १७ सप्टेंबरला झेंडावंदन करतो. रझाकारांच्या अत्याचारांबद्दल शाळेत शिकतो. त्या कारवाईनंतर मुसलमान वस्त्यांवर जे झालं ते पाहायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना पाठवलं. त्यांनी हैदराबाद राज्याच्या १६ पैकी ९ जिल्हे फिरून ७ जिल्ह्यांची ठिकाणं, २१ शहरं आणि २३ मोठी गावं पाहिली. पुढचं मला पद्धत म्हणून फार महत्त्वाचं वाटतं. ज्या १०९ गावांत ते जाऊ शकले नाहीत, तिथल्या ५०० हून जास्त लोकांना ते दुसरीकडे भेटले. म्हणजे माणूस आपल्या गावात बोलू शकत नसेल तर त्याला गावाबाहेर भेटा. आपण बोलेरोतून वस्तीत गेलो होतो! एवढं करून त्यांनी अहवाल दिला, तो सरकारदप्तरी गेला आणि कित्येक दशकं प्रसिद्धच झाला नाही. जे बोलले त्यांच्या बोलण्याचं काय झालं मग?

१९७८ नंतरही अभ्यासक फिरले. अत्याचार विरोधी समितीने गावोगाव जाऊन केलेला अहवाल १९७९ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त छापून आला. तो लायब्ररीत बसून वाचा. कुणीतरी तेव्हा, राख थंड होते न होते तोच, त्या गावांत गेलं होतं म्हणून आज मला काही तपासून पाहता येतं.

मी तीन नावांचा तुकडा कापला. चारही ठिकाणची फाइल काढली, कापलेली एकच प्रत पेनड्राइव्हवर ठेवली. पुरावा नष्ट केला की शब्द पाळला, हे मला सांगता येत नाही. गावाने इतकी वर्षं त्या तिघांसाठी जे केलं, तेच मीही केलं, असं कधीकधी रात्री वाटतं. मग ट्रॅक्टरवरचा नातू आठवतो. मी संध्याकाळच्या एसटीने निघून येते. तो तिथेच राहतो.

हे सगळं वाचून ‘नको रे बाबा’ म्हणू नका. पण भाबडेपणाने जाऊही नका. जूलिओ रेजेनी हा केंब्रिजचा पीएच.डी. करणारा इटालियन मुलगा कैरोत कामगार संघटनांचा अभ्यास करत होता. २५ जानेवारी २०१६ ला तो बेपत्ता झाला, नऊ दिवसांनी त्याचा मृतदेह सापडला, छळाच्या खुणा असलेला. २८ वर्षांचा होता. आपल्याकडे बस्तरवर आयुष्यभर काम केलेल्या प्रा. नंदिनी सुंदर यांच्यावर २०१६ मध्ये छत्तीसगड पोलिसांनी थेट खुनाचा गुन्हा दाखल केला होता, नंतर तपासात पुरावा नाही म्हणून त्यांचं नाव वगळलं गेलं. या मोठ्या माणसांच्या गोष्टी झाल्या. तुमच्या-माझ्या वाट्याला शक्यतो एवढं येत नाही. आपल्या वाट्याला येतो तो ‘पोरी, फोटो कशाला काढते गं?’ असा उंच झालेला आवाज आणि निघून गेलेली शेवटची बस.

म्हणून शेवटची एसटी किती वाजता, हे पहिल्यांदा विचारा. कुठे जाताय हे रूममेटला सांगून जा, आणि तिला फोन नाही आला तर तिने कुणाला फोन करायचा हेही. फोनचा ऑटो बॅकअप आणि कॅमेऱ्याचं लोकेशन निघायच्या आधी बंद करा. गावाला टोपणनाव देऊन भागत नाही. नदी, कारखाना आणि साल लिहिलंत की तालुक्यातलं शेंबडं पोरही गाव ओळखतं. मुंबईच्या ‘सेहत’ संस्थेच्या पुढाकाराने २००० साली आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं तयार झाली, ती वाचा. आमच्या आठ-दहा जणांच्या ग्रुपमध्ये प्रबंधाआधी ‘तुमच्यामुळे कुणाला त्रास होईल का?’ असा प्रश्न एकालाही कुणी विचारलेला नव्हता. स्पेलिंग आणि मार्जिन मात्र तपासले होते.

आणि एक. ऐकणाऱ्यालाही होतं काहीतरी. त्या मुलाखतीनंतर आठवडाभर मला मेसमध्ये करपलेल्या पोळीचा वास सहन होत नव्हता. मला वाटलं मी नाटक करतेय. ते नाटक नव्हतं. मैत्रिणीशी बोलले, मग १४४१६ वर. टेलि-मानसचा नंबर आहे, सरकारी, मोफत, मराठीत बोलतात. सेव्ह करून ठेवा.

सबमिशननंतर मी पुन्हा गेले. आजींचा शेंगा सोलतानाचा एक फोटो काढला होता, त्यांना विचारून. औरंगपुऱ्यातल्या स्टुडिओत त्याची प्रिंट काढून घेतली. आजींनी फोटो लांब धरला, जवळ धरला. ‘येवढी म्हातारी झाले व्हय मी?’ मग म्हणाल्या, ‘तवा बी लई आले होते. फोटू काढून नेले, लिहून नेलं. परत कुणी नाही आलं.’

नातू घरी नव्हता, कामावर होता. धाकटी नात बारावीला आहे, ती दारात उभी राहून ऐकत होती. निघताना ती फाट्यापर्यंत सोबत आली. विद्यापीठात बी.ए. नंतर काय काय करता येतं, हॉस्टेल मिळतं का, स्कॉलरशिपचे फॉर्म कधी निघतात, असं विचारत होती. मी म्हटलं, ऑफिसात विचारून सांगते. अजून विचारलेलं नाही. सोमवारी जायचंय.